दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही

कागदाची होडी तुम्हाला कोणी शिकवली? जरा आठवून बघा. बाराखडी कोणी गिरवून घेतली ते आठवतं, सायकलचं सीट मागून कोणी धरलं होतं ते आठवतं, विहिरीत पोहायला कोणी ढकललं तो तर आयुष्यभर लक्षात राहतो. पण होडी कोणी शिकवली असं विचारलं की बहुतेक माणसं गोंधळतात. आईनं की मामानं, शेजारच्या ताईनं की मागच्या बाकावरच्या मित्रानं, कोण जाणे! पहिला पाऊस पडून अंगणातून पाण्याची धार वाहू लागली की वहीचं मधलं पान निघायचं (मधलं, म्हणजे बाईंच्या लक्षात येत नाही) आणि साधी होडी, शिडाची होडी, नांगरहोडी असं ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे आरमार वाढत जायचं. जोडीला विमान, भिरभिरं, हवेत झटका दिला की फट्‌कन वाजणारा फटाका. कात्री नाही, डिंक नाही, आणि पैसे तर नाहीतच.

या उद्योगाला सारं जग 'ओरिगामी' म्हणतं आणि मोठमोठी माणसं त्यात आयुष्य घालवतात, हे मला चाळिशीच्या आसपास कळलं. जपानी भाषेत 'ओरु' म्हणजे दुमडणं आणि 'कामी' म्हणजे कागद. दोन्ही मिळून ओरिगामी. पुण्यात एका शाळेच्या वर्गात दर रविवारी सकाळी एक वयस्कर बाई हौसेनं हे शिकवत. मैत्रिणीच्या आग्रहाखातर मी गेले, पहिल्या दिवशी एक वाकडातिकडा बेडूक घेऊन घरी आले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातला एकही कागद सरळ राहिलेला नाही. लाइटचं बिल, लग्नपत्रिकेचं आतलं पान, औषधासोबत येणारी बारीक अक्षरांची चिठ्ठी, सगळ्यांची गत एकच.

मराठी घरात एखाद्या छंदाचा प्रवेश झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याचा उपयोग काय?" विणकामाचा स्वेटर होतो, बागकामाची मिरची-कोथिंबीर होते, गाण्याचा निदान गणेशोत्सवात कार्यक्रम तरी होतो. कागदाच्या घड्यांचं काय होतं? माझ्या सासूबाईंनी हा प्रश्न मला अगदी प्रेमानं विचारला होता. "छान आहे हो, पण यावर धूळ बसेल" असं त्या म्हणाल्या. आज मी त्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. पण त्याआधी थोडी ओळख करून द्यायला हवी.

जपानात कागद पोचला तो सातव्या शतकाच्या सुरुवातीला, असं मानतात. तो महाग होता, त्यामुळे त्याच्या घड्या आधी धार्मिक विधींत आणि भेटवस्तूंच्या वेष्टनांत आल्या. पुढे कागद स्वस्त झाला आणि घडी घरोघरी गेली. १७९७ साली 'हिदेन सेम्बाझुरु ओरिकाता' नावाचं पुस्तक छापलं गेलं. एकाच कागदाला मोजके काप देऊन, एकमेकांना चोचीनं नाही तर पंखानं जोडलेले अनेक करकोचे कसे करायचे, याचे ४९ प्रकार त्यात आहेत. आपल्याकडे मात्र घडी म्हणजे परकी गोष्ट असं समजण्याचं कारण नाही. विड्याचं पान, पळसाचा द्रोण, मोदकाच्या कळ्या, साडीच्या निऱ्या आणि देवळातून आणलेल्या अंगाऱ्याची पुडी! अंगाऱ्याची पुडी नीट उलगडून बघा. डिंक नाही, दोरा नाही, आणि तरी चिमूटभर राख गावाहून मुंबईपर्यंत सांडत नाही. हातांना हे सगळं येत होतं. आपण त्याला कला म्हटलं नाही, इतकंच.

आधुनिक ओरिगामीला कलेचा मान मिळवून दिला तो अकिरा योशिझावा या माणसानं. १९११ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा टोकियोच्या कारखान्यात कामाला लागला. तिथल्या नवशिक्या कामगारांना भूमिती शिकवायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्यानं लहानपणच्या घड्या कामाला लावल्या. पुढे नोकरी सोडून त्यानं पूर्णवेळ कागद हाती घेतला. पोटासाठी दारोदार खाण्याचे पदार्थ विकले. १९५२ साली एका जपानी साप्ताहिकात त्याचे बारा राशींचे प्राणी छापून आले आणि लोकांना कळलं की कागदाचा वाघ गुरगुरू शकतो. १९५५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्याचं प्रदर्शन झालं, १९८३ मध्ये जपानच्या सम्राटांनी सन्मान दिला. जाड कागद किंचित ओला करून, मातीला द्यावा तसा त्याला गोलाईचा आकार देण्याची रीत त्याचीच. २००५ साली, आपल्या ९४ व्या वाढदिवशीच तो गेला. हजारो आकृत्या केल्या. पण त्या विकायच्या नाहीत, द्यायच्या, असा त्याचा रिवाज होता.

माझ्यासारखीवर योशिझावांचे उपकार आहेत ते वेगळ्याच कारणानं. घड्या कागदावर कशा लिहायच्या, याची लिपी त्यांनी तयार केली. घडी आत गेली तर ती 'दरी', तिच्यासाठी तुटक रेघ; घडी वर आली तर तो 'डोंगर', त्यासाठी रेघ आणि ठिपके; शिवाय दिशा दाखवायला बाण. १९५४ च्या त्यांच्या पुस्तकातली ही पद्धत पुढे अमेरिकेच्या सॅम्युअल रँडलेट यांनी थोडी वाढवली आणि ती जगभर चालू झाली. माझ्या कपाटात तीन जपानी पुस्तकं आहेत. त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नाही, आणि तरी त्यातली एकही आकृती माझी अडलेली नाही. गाण्याच्या नोटेशनसारखंच हे. टोकियोतल्या माणसानं घातलेली घडी सदाशिव पेठेत जशीच्या तशी पडते.

करकोच्यामुळे एका मुलीचं नाव जगभर झालं. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाला. हजार करकोचे केले की इच्छा पुरी होते, ही जपानी समजूत तिला माहीत होती, आणि इस्पितळात पडल्या पडल्या ती औषधांच्या वेष्टनांचे कागद जमवून घड्या घालत राहिली. हजार पुरे होण्याआधी ती गेली, असं गोष्टीत सांगतात; तिच्या घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे तिचे हजारापेक्षा जास्त झाले होते. इच्छा मात्र पुरी झाली नाही. तिच्या स्मरणार्थ १९५८ साली हिरोशिमात पुतळा उभा राहिला, आणि आजही जगभरची मुलं तिथे कागदाचे करकोचे पाठवतात.

आता उपयोगाकडे वळू. उपयोग शोधायचाच म्हटला तर ढीगभर सापडतो. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्येच कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. फेलिक्स क्लाइन या थोर जर्मन गणितज्ञानं त्याचा उल्लेख केला आणि १९०१ मध्ये ते अमेरिकेत छापलं गेलं. कंपास आणि पट्टीनं कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करता येत नाहीत, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. घडीनं ते करता येतात. इटलीच्या मार्गेरिता बेलोक यांनी १९३६ साली दाखवून दिलं, की त्रिघाती समीकरणंसुद्धा घडीनं सुटतात. कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाची घडी अशी आहे, की दोन टोकं धरून ओढली की मोठा कागद एकदम उलगडतो आणि ढकलला की एकदम मिटतो. १९९५ साली जपाननं सोडलेल्या अंतराळयानात सौर पटल उलगडायला ती वापरली गेली.

यातली एक गंमत तर तुम्ही आता, वाचता वाचता करून बघू शकता. चौरस कागद घ्या. वरच्या कडेच्या मध्यावर बारीक खूण करा. आता खालचा उजवा कोपरा उचलून बरोबर त्या खुणेवर टेकवा आणि घडी दाबा. वर उजवीकडे जो छोटा काटकोन त्रिकोण दिसतो, त्याच्या बाजूंचं प्रमाण असतं ३ : ४ : ५, म्हणजे आपल्या सुतार-गवंड्यांचा गुण्याचा हिशेब! आणि दुमडून वर आलेली खालची कड डाव्या कडेला जिथे छेदते, तिथे डाव्या कडेचा बरोबर एक तृतीयांश भाग खाली राहतो. मोजपट्टी न लावता तिसरा हिस्सा! हे शोधून काढणारे काझुओ हागा गणिताचे नव्हे, जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. सातवीच्या वर्गात मी हा प्रयोग केला की गणिताला घाबरणारी मुलं पट्टी घेऊन खरंच ३ आणि ४ येतात का ते तपासायला लागत.

पण खरं सांगू? मला सासूबाईंना जे उत्तर द्यायचं होतं ते हे नव्हे. ते मला मिळालं रविवारच्या त्या वर्गातल्या बाईंच्या एका नियमातून. बाई शांत स्वभावाच्या, कोणावर रागवायच्या नाहीत. नियम मात्र कडक होता: दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. शेजारच्याची घडी चुकत असेल तर आपल्या कागदावर पुन्हा करून दाखवा. तोंडानं सांगा. दहा वेळा दाखवा. पण त्याचा कागद ओढून घेऊन "अगं, असं नाही, आण इकडे" असं म्हणायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. समोरच्याचा कोपरा अर्धा सेंटीमीटर सरकलेला दिसत असतो, हात शिवशिवत असतात, आणि आपण नुसतं बसून राहायचं! माझी तीस वर्षं शाळेत गेली. मुलांच्या नावानं आलेले कितीतरी थर्मोकोलचे किल्ले मी तपासले आहेत. बुरुज बघूनच कळायचं, की शिवनेरीसाठी गुण द्यायचे ते बाबांना की काकांना. त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. मायेपोटीच आपण हातातलं काम काढून घेतो. मुलांच्या हातातलं घेतो, आणि पुढे म्हाताऱ्या आईवडिलांच्या हातातलंही घेतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. टेबलावर कागदाचे चौकोन पत्त्यांसारखे मांडायचे, खलातली पूड सुरीच्या टोकानं सगळ्यांवर सारखी वाटायची आणि मग एका दमात एकवीस पुड्या बांधायच्या, सात दिवसांच्या, रोज तीन. २००६ च्या जूनमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेल्यासारखा झाला. इस्पितळातून आम्ही त्यांना आमच्याकडे पुण्याला आणलं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, बोटं हलती ठेवा, रबरी चेंडू दाबा. अण्णांनी चेंडू दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी पलंगाखाली सोडून दिला. "मी काय लहान पोर आहे?"

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. माझ्याबरोबर रविवारच्या वर्गाला येऊन तिनं बाईंचा नियम पाठ केला होता. दुपारी चारच्या चहानंतर ती दोन कागद घेऊन आजोबांच्या पलंगावर जाऊन बसली. म्हणाली, "आजोबा, मी माझ्या कागदावर करते, तुम्ही तुमच्या कागदावर करा. तुमच्या कागदाला मी हात लावणार नाही."

पहिल्या दिवशी नुसता त्रिकोण झाला, तोही तिरका. एक घडी आणि पंधरा मिनिटं. माझ्या आईला ते बघवेना. ती पुढे झाली, तशी मुलगी म्हणाली, "आजी, नियम आहे." दुसऱ्या दिवशी त्रिकोण, तिसऱ्या दिवशी त्रिकोण. अण्णा डाव्या हातानं कोपरा आणायचे आणि उजवा हात उचलून, वजन ठेवावं तसा घडीवर ठेवायचे. आठदहा दिवसांनी त्यांनी तिच्या कागदाकडे बघणं सोडलं. कागद आडवा फिरवला, एक कड दुमडली, दोन्ही बाजू आत घेतल्या, खालचं टोक वरच्या खाचेत सरकवलं. पुडी! थोडी सैल, पण पुडी. ती तिच्यासमोर ठेवून म्हणाले, "ही येते का तुला?"

तिला येत नव्हती. मग अण्णा शिकवायला लागले आणि नियम त्यांनाही लागू झाला. तिचं टोक खाचेत बसेना तेव्हा त्यांचा डावा हात पुढे आला, मध्येच थांबला आणि परत गेला. पाचव्या खेपेला तिची पुडी जमली.

अण्णांचा हात पूर्ववत झाला, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. सही ते शेवटपर्यंत डाव्या हातानंच करत. करकोचाही त्यांनी कधी केला नाही. "पाखरं तुम्ही करा" म्हणायचे. पण सदऱ्याची बटणं ते स्वतः लावू लागले. दहा मिनिटं लागत, आणि आम्ही सगळे तेवढा वेळ थांबत असू. त्या भाद्रपदात आमच्या आळीतल्या गणपतीच्या खिरापतीच्या पुड्या अण्णांनी आणि नातीनं बांधल्या. त्यातल्या सैल पुड्या कोणाच्या, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही. २०११ मध्ये अण्णा गेले. पुडी मात्र मुलीच्या हातात राहिली.

तेव्हा उपयोगाचं उत्तर असं आहे, की ओरिगामी हा दोन माणसांनी शेजारी बसून करायचा छंद आहे. एकट्यानंही करता येतो, आणि एकट्यानं करतानाही मन निवांत होतं, यात शंका नाही. पण त्याची खरी चव कळते ती शिकवताना. आज मोबाइलवर हवी ती आकृती कशी करायची ते दाखवणारी चित्रफीत सापडते. मीही बघते, थांबवता येते, मागे नेता येते, फार सोयीचं आहे. पण त्या पडद्याला तुमचा कागद दिसत नाही. तुमचा कोपरा सरकला की तो आपला पुढेच जातो. शेजारी बसलेला माणूस थांबतो.

आणि धुळीचं काय? धूळ बसते ती ठेवलेल्या वस्तूंवर. दिलेल्या वस्तूंवर बसत नाही. 'मुक्तांगण'चे डॉ. अनिल अवचट २०२२ साली गेले. लेखक म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत, पण लहान मुलं दिसली की हातात कागद घेणारा माणूस म्हणूनही अनेकांना आठवतात. बासरी, लाकूडकाम, चित्रं यांच्याबरोबर ओरिगामी हाही त्यांचा जिवाभावाचा छंद. त्यांच्या घड्या मुलांच्या हातांत जायच्या. मीही तेच करते. एस.टी.त शेजारी रडणारं मूल असो, दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या आजी असोत, पर्समध्ये चार चौरस कागद असतातच. बोलायला विषय लागत नाही. उडी मारणारा बेडूक पुरतो.

सुरुवात करायची असेल तर महागडे कागद आणू नका. दुकानात घोटीव कागद मिळतो, तो चालतो. जुन्या कॅलेंडरचं पान त्याहून बरं. पतंगाचा कागद फार पातळ, फाटतो. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घडीला तडकतो. चौरस साधारण १५ सेंटीमीटरचा असावा. कोपऱ्याला कोपरा आधी जुळवा, मग नखानं घडी दाबा. घाईत दाबलेली घडी कागद विसरत नाही. टोपी, पेला, बेडूक, मग करकोचा, या क्रमानं जा. करकोचा जमला की सहा सारखे तुकडे एकमेकांत अडकवून घन करा. मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावानं ओळखला जाणारा तो तुकडा अगदी सोपा आहे. बारा तुकडे जोडले तर टोकदार तारा होतो, तीस जोडले तर दिवाळीत दारात टांगावा असा गोळा.

आणि आज रविवार आहे, तर आजच एक करून बघा. ही पुरवणी वाचून झाली की तिचे दोन चौरस कापा, एक तुमचा, एक घरातल्या कोणाचा तरी. चौरसाचा तिरपा मध्य दुमडून त्रिकोण करा, लांब कड खाली, टोक वर. उजवा कोपरा उचलून समोरच्या तिरप्या कडेवर असा ठेवा, की त्याची वरची कड खालच्या कडेला समांतर येईल. डावा कोपरा तसाच उजवीकडे आणा. वर दोन टोकं उरतील; एक पुढच्या खिशात खोचा, दुसरं मागे वळवा. वरून बोट घालून उघडा. झाला पेला. छपाईची शाई आहे, तेव्हा यातून पाणी पिऊ नका. मूठभर टरफलाच्या शेंगा भरा. शेजारच्याचा पेला तिरका होईल. होऊ द्या. शेंगा त्यातही मावतात.